शिक्षा : तुरुंगात की गावात?

मराठी शिकताना एका शब्दाने तुम्हांला कधीतरी नक्कीच फसवले असेल. तो शब्द म्हणजे 'शिक्षा'. हिंदीत शिक्षा म्हणजे तालीम. मराठीत शिक्षा म्हणजे सजा. शब्द एकच, पण एका भाषेत तो आपल्याला शाळेत नेतो, तर दुसऱ्या भाषेत तुरुंगात! या पाठात आपण अशा सजेचा विचार करणार आहोत, जिच्यातून माणसाला थोडी तालीमही मिळावी, असा प्रयत्न असतो.

हा विषय आपल्या निफाडला परका नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथेच झाला. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आजही आपल्या तालुक्याचे न्यायालय निफाडलाच आहे. तेथील मराठी तुम्हांला इतर मराठीपेक्षा सोपी वाटेल. वकील, फिर्याद, जामीन, मुद्देमाल, हजर, कैद, अर्ज हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. मराठी अवघड आहे, अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा कोर्टाची नोटीस वाचून पाहावी. (नोटीस दुसऱ्याच्या नावाची असावी, एवढीच इच्छा!)

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण कल्पनेतले आहे, पण आपल्या तालुक्यात असे घडणे अशक्य नाही. एकोणीस वर्षांचा एक शेतमजूर आहे. शेतात उन्हाळ कांदा काढून ढीग लावून ठेवलेला आहे. रात्री तो त्या ढिगातून दोन गोण्या कांदा उचलतो आणि पकडला जातो. त्याची ही पहिलीच चोरी आहे. कांद्याची किंमत पाच हजार रुपयांच्या आत आहे. न्यायालयात गुन्हा सिद्ध होतो. आता न्यायाधीशांनी काय करावे?

भारतीय दंड संहिता हा कायदा १८६० साली झाला. त्यात चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. कैदेचे दोन प्रकार आहेत. साधी कैद आणि सक्तमजुरी. समजा, या तरुणाला तीन महिन्यांची कैद झाली आणि त्याला नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवले. त्या तीन महिन्यांत काय होते, ते नीट पाहा. त्याची मजुरी बुडते. मुकादम त्याच्या जागी दुसरा माणूस घेतो. घरी आई कर्ज काढते. तुरुंगात ज्यांच्याजवळ त्याचा दिवस जातो, त्यांपैकी काहींनी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे गुन्हे केलेले असतात. तो बाहेर येतो तेव्हा गावात त्याचे नाव कोणी घेत नाही, 'तुरुंगात जाऊन आलेला' एवढीच त्याची ओळख उरते. काम मागायला गेला तर दार बंद. मग ज्यांची ओळख आत झाली, त्यांचेच दार उघडे राहते. आणि ज्या शेतकऱ्याचा कांदा गेला, त्याला या तीन महिन्यांतून काय मिळाले? काहीच नाही. उलट कैद्याचे जेवण, पहारा, औषधपाणी यांचा खर्च सरकारने, म्हणजे आपण सर्वांनी केला.

याचा अर्थ तुरुंग नकोतच, असा नाही. खून, सशस्त्र दरोडा, अत्याचार असे गुन्हे करणाऱ्यांपासून समाजाला दूर ठेवावेच लागते. तेथे दुसरा उपाय नाही. प्रश्न आहे तो लहान गुन्ह्यांचा आणि पहिल्यांदा चुकलेल्या माणसांचा.

काही लोक म्हणतात, शिक्षा जितकी कडक तितकी भीती जास्त. हे पूर्ण खरे नाही. वर्षातून एकदाच वह्या पाहून खूप रागावणारे सर आणि रोज वही तपासणारे सर, यांपैकी कोणाचा गृहपाठ तुम्ही चुकवत नाही? गुन्ह्याचेही तसेच आहे. शिक्षा किती मोठी, यापेक्षा आपण पकडले जाऊ की नाही, या विचाराचा धाक अधिक असतो, असे गुन्ह्यांचा अभ्यास करणारे सांगतात.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात शिक्षेचा एक नवा प्रकार आला. त्याचे नाव सामुदायिक सेवा. दोषी ठरलेल्या माणसाने न्यायालय सांगेल ते समाजाच्या उपयोगाचे काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. उर्दूत आपण याला खिदमत म्हणू. पण ही खिदमत मर्जीची नाही, हुकमाची आहे. सध्या सहा गुन्ह्यांसाठी ही शिक्षा देता येते. दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन करणे, अब्रुनुकसानी, सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणे हे त्यांपैकी काही होत. आपल्या उदाहरणातल्या चोरीचाही त्यांत समावेश आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेचीच शिक्षा होते. या अटींतील शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याचा कांदा आधी परत, मग बाकीचे.

पण ही सवलत सरसकट नाही. घरात किंवा गोदामात शिरून केलेल्या चोरीसाठी वेगळे आणि कडक कलम आहे. हाच तरुण पुन्हा चोरीत दोषी ठरला, तर किमान एक वर्ष सक्तमजुरी ठरलेली आहे. दार एकदाच उघडते.

शिक्षेचा प्रकार नवा असला, तरी त्यामागचा विचार नवा नाही. मुंबई प्रांतात १९३८ सालीच परिवीक्षेचा कायदा झाला होता. पुढे १९५८ मध्ये साऱ्या देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. परिवीक्षा हा शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी राहू देणे. २१ वर्षांखालील तरुणाला शक्यतो कैद देऊ नये, द्यायचीच असेल तर न्यायाधीशांनी तिची कारणे लिहावीत, असेही हा कायदा सांगतो. १८ वर्षांखालील मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. ते मंडळही मुलाला देखरेखीखाली समाजाचे काम करायला सांगू शकते.

याहून फार जुनी एक गोष्ट तुम्ही दीनियातच्या तासाला ऐकली असेल. हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली. मक्केचे अनेक लोक कैद झाले. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी फिदया, म्हणजे खंडणी, देऊन सुटका करून घेतली. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण लिहितावाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत सांगितले आहे. ते लढाईतले कैदी होते, चोर नव्हते, हे खरे. पण कैद्याला कोठडीत बसवून ठेवण्यापेक्षा त्याच्या हातून मुलांच्या पाटीवर चार अक्षरे उमटली, तर दोघांचेही भले होते, हा विचार तेथे स्पष्ट दिसतो.

आता आपल्या महाराष्ट्रातलीच एक जागा पाहू. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. त्या काळी हा भाग औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या सुमारास कैद्यांसाठी ही खुली वसाहत सुरू केली. मॉरिस फ्रीडमन नावाचे, मूळचे पोलंडचे एक अभियंता या प्रयोगात त्यांच्याबरोबर होते. तेथे उंच भिंत नव्हती. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. हे कैदी दोन गोण्या कांदा चोरणारे नव्हते, गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे होते! संस्थान गेले, तरी वसाहत राहिली. ती आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. सहा कैदी आणि एक जेलर यांची ती कथा आहे. बारा हात कैद्यांचे आणि दोन डोळे जेलरचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनी तो पाहिला असेल.

स्वतंत्रपूर हे नाव घेतले, तरी ती सामुदायिक सेवा नव्हे. ते खुले कारागृह आहे, तेथे पोहोचण्यापूर्वी कैद्याने तुरुंगात काही काळ काढलेला असतो. पण विश्वास टाकला की सारेच पळून जातात, ही समजूत त्या प्रयोगाने खोटी ठरवली.

मग सामुदायिक सेवेने गुन्हे खरोखर कमी होतात का? हे मोजणे वाटते तितके सोपे नाही. समजा, तुरुंगातून सुटलेल्या शंभर माणसांपैकी पन्नासांनी पुन्हा गुन्हा केला आणि सामुदायिक सेवा केलेल्या शंभरांपैकी तिसांनी. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.) लगेच 'सेवा चांगली' म्हणता येईल का? नाही. कारण न्यायाधीश मुळातच सौम्य माणसाला सेवा देतात आणि अट्टल माणसाला कैद. हुशार मुलांची एक तुकडी आणि कच्च्या मुलांची दुसरी तुकडी केल्यावर पहिल्या तुकडीचा निकाल चांगला लागला, तर त्याचे श्रेय शिक्षकाला कसे द्यावे?

ही अडचण स्वित्झर्लंडमधील वो या प्रांतात १९९० नंतरच्या काही वर्षांत एका युक्तीने सोडवली गेली. अगदी थोड्या दिवसांची कैद झालेल्या शंभराहून थोड्या अधिक माणसांसाठी चक्क सोडत काढली. काहींच्या वाट्याला तुरुंग आला, काहींच्या वाट्याला काम. पुढे पाहिले तर काम केलेले लोक तुरुंगात गेलेल्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत. बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हाही दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. इंग्लंडमध्ये सामुदायिक सेवेची शिक्षा १९७३ पासून आहे. तेथील न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये सारख्या प्रकारच्या गुन्हेगारांची तुलना प्रसिद्ध केली. बारा महिन्यांपेक्षा कमी कैद भोगलेल्यांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण, बाहेर राहून शिक्षा भोगलेल्यांपेक्षा शंभरात सुमारे चारने जास्त होते.

शंभरात चार म्हणजे जादू नव्हे. सामुदायिक सेवेने सगळे चोर साधू होतील, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण लहान कैदेने गुन्हे अधिक थांबतात, असेही हे आकडे सांगत नाहीत. जर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा, तर ज्यात मजुरी बुडत नाही, घर मोडत नाही आणि गावाचे काहीतरी काम होते, तोच मार्ग बरा, असे माझे मत आहे.

आपल्या तुरुंगांत जागाही नाही. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० कैदी होते. त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्या खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. ही गर्दी सामुदायिक सेवेने लगेच ओसरणार नाही, कारण ती शिक्षा निकालानंतरची आहे. तिच्यासाठी खटले लवकर चालले पाहिजेत, जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरिबांची सोय झाली पाहिजे. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

तुरुंगाबाहेरच्या शिक्षेवर लोकांचा विश्वास का बसत नाही, हेही समजून घ्यायला हवे. मे २०२४ मध्ये पुण्यात एका भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार १८ वर्षांखालील मुलगा चालवत होता, असा आरोप होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यांत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच तो आदेश बदलावा लागला. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हा फरक फार थोड्यांनी लक्षात घेतला. निबंध ही भयंकर शिक्षा आहे, असे तुमच्यापैकी काहींचे मत मला ठाऊक आहे. परंतु ज्यांची मुले गेली त्यांना तो निबंध कसा वाटला असेल, याचा विचार करा. सामुदायिक सेवा लहान गुन्ह्यासाठी आहे. मोठ्या नुकसानीवर ती ठेवली, की लोकांना ती थट्टा वाटते आणि मग लहान गुन्ह्यातही तिच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही.

काम कोणते द्यावे, हेही विचाराने ठरवावे लागते. आपल्याकडे कामांना तोटा नाही. ग्रामीण रुग्णालयाचे आवार आहे, गोदावरीचे घाट आहेत, शाळेच्या मैदानावर लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात पाणी घालायचे असते. पण गळ्यात पाटी अडकवून चौकात झाडू मारायला लावणे, हे काम नव्हे, तमाशा आहे. ज्या गावात माणसाला पुन्हा मजुरी मागायची आहे, त्याच गावात त्याचे तोंड काळे केले, तर तुरुंगाचाच शिक्का त्याच्यावर पुन्हा बसतो.

सर्वांत कठीण भाग देखरेखीचा. तो वेळेवर आला का? काम केले का, की ओळखीच्या माणसाने कागदावर सही करून दिली? नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. एखाद्या गावात चाळीस तासांची शिक्षा दिली, तर ते चाळीस तास कोणीतरी मोजायला हवेत. कोर्टातील न्यायाधीश रुग्णालयाच्या आवारात येऊन उभे राहणार नाहीत. तेव्हा हजेरीची वही कोणाकडे असेल, काम चुकवल्यावर कोर्टाला कोण कळवेल, हे आधी ठरलेले पाहिजे. हातांना काम देणे सोपे आहे. अडते ते त्या दोन डोळ्यांपाशी.