फुग्यांच्या बंदुकीतला वायसर

जत्रा म्हटली की पाळण्यांच्या शेजारी फुगे फोडायची बंदूक आलीच. संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या होम मैदानावर भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्राही त्याला अपवाद नाही. नेम चुकला की सोलापूरकर ‘नळीच वाकडी हाय’ म्हणून मोकळा होतो. कधी ते खरेही असते. पण जुन्या बंदुकीत बऱ्याचदा दोष असतो तो आत दडलेल्या एका वायसरचा.

या बंदुकीत दारू नसते. नळी खाली मोडली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्या टोकाचा दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढताच तो सुटतो आणि समोरची हवा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास इतक्या थोड्या वेळात दाबतो. छर्ऱ्याला ढकलते ती ही दाबलेली हवा. स्प्रिंगमध्ये साठलेल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच छर्ऱ्याच्या वाट्याला येते, उरलेली धक्का, आवाज आणि उष्णता यांत जाते. त्यात हवा कुठून निसटली, तर हा वाटाही घटतो.

हवा निसटू नये म्हणून दोन वायसर असतात: एक दट्ट्याच्या तोंडाशी, दुसरा नळी मोडते त्या सांध्यावर. जुन्या बंदुकांत दट्ट्याचा वायसर कातडी असतो, पंपाच्या स्टोव्हमध्ये असायचा तसाच. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात बंदूक पेटीत पडून राहिली की कातडे वाळते, आकसते आणि कडेने हवा सोडते.

यावर लोक करतात तो उपाय म्हणजे मिळेल ते तेल सढळ हाताने ओतणे. हवा झटक्यात दाबली की ती काही शे अंशांपर्यंत तापते. तेलाचा अंश तिच्यात असेल तर पेट घेतो. डिझेल इंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटते तेही याच तत्त्वावर. बंदूक मोठ्याने वाजते, धूर सोडते, मालक खूश होतो आणि इकडे वायसर व स्प्रिंग झिजत जातात. कातड्याला एखादा थेंब तेल पुरते.

सांध्यावरचा वायसर घरी बदलता येतो. बंदूक रिकामी आहे ना, ते पाहावे. नळी मोडलेल्या स्थितीत हात सुटून ती उसळली तर बोटे चेमटतात, म्हणून दुसऱ्याने ती घट्ट धरावी. जुना वायसर लाकडी काडीने उचलावा, लोखंडी टोच्याने खाचेला चरे पडतात.

खरी फजिती होते ती चापाजवळच्या बारीक स्प्रिंगांची. 10 न्यूटन बलाने 4 मिलिमीटर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये 0.02 ज्यूल ऊर्जा असते. आकडा नगण्य दिसतो, पण स्प्रिंगचे वजन 0.2 ग्रॅम धरले आणि सगळी ऊर्जा वेगात उतरली, तर तो निघतो ताशी सुमारे 50 किलोमीटर! म्हणून ती छताला आपटून कपाटामागे जाते. हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काम केले तर शोधाशोध वाचते. चष्मा मात्र हवाच.

मुख्य स्प्रिंगला घरी हात लावू नये. बंदूक ताणलेली नसतानाही ती दाबाखालीच असते. मागचा बोल्ट सुटला की ती थेट तोंडावर येते. ती दाबून धरणारा शिकंजा असलेल्या कारागिराकडेच जावे. आणि हे सारे फक्त छर्ऱ्याच्या बंदुकीपुरते. काडतुसांच्या बंदुकीला 1959 चा शस्त्र कायदा लागू होतो. तिची दुरुस्ती परवानाधारक कारागिराचीच.

वायसर गेला की नाही, हे ओळखायची सोपी खूण आहे. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवावी, छर्रा भरून जाड मातीच्या ढिगात झाडावा. रिकामी बंदूक झाडू नये, दट्ट्याला हवेची उशी न मिळाल्याने तो आपटतो. पट्टी उडाली तर सांध्यावरचा वायसर बदला. नाही उडाली आणि तरीही छर्रा मंद जात असेल, तर दोष दट्ट्याच्या वायसरमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये असू शकतो, आणि ते काम कारागिराचे.