उन्हाळ्यातही 'फ्रीज'मध्ये राहणारं निळं फूल! काय आहे हा प्रकार?

अमेरिकेत एक रानफूल आहे. जेमतेम इंचभर, निळं-जांभळं आणि डोक्यावर टोपडं घातल्यासारखं. ओढ्याकाठचे सावलीतले कडे आणि थंड, ओलसर उतार एवढंच त्याचं घर. नाव नॉर्दर्न मंक्सहूड, शास्त्रीय नाव अ‍ॅकोनिटम नोव्हबोरासेन्स. आपल्याकडे आयुर्वेदात माहीत असलेला विषारी बचनाग याच कुळातला आणि हे फूलही विषारी.

हे फूल सापडतं कुठे?

फक्त चार राज्यांत: आयोवा, विस्कॉन्सिन, ओहायो आणि न्यूयॉर्क. तिथेही सगळीकडे नाही, तर मोजक्याच जागी.

असं का?

याचं उत्तर आयोवातल्या उतारांवर मिळतं. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांत खोल भेगा आहेत. हिवाळ्यात थंड हवा आत शिरते आणि भेगांतलं पाणी गोठतं. उन्हाळ्यात वरच्या खड्ड्यांतून आत गेलेली हवा या बर्फावरून वाहते आणि गार होऊन उताराच्या फटींतून बाहेर पडते. त्यामुळे आजूबाजूला उकाडा असला, तरी या उतारावरची जमीन थंडच राहते. थोडक्यात, डोंगराच्या पोटातला नैसर्गिक एसी!

हजारो वर्षांपूर्वी हिमयुग संपलं, हवा तापली आणि थंडीतल्या अनेक वनस्पती इथून नाहीशा झाल्या. या गार कोपऱ्यांत मात्र काही टिकून राहिल्या. हे फूल त्यांपैकीच एक मानलं जातं.

मग धोका कशाचा?

वरचे खड्डे शेतजमिनीत येतात. ते माती-कचऱ्याने बुजवले, की हवेची वाट बंद होते आणि एसीही बंद पडतो. गुरांनी तुडवणं, झाडं तोडल्याने सावली जाणं ही आणखी कारणं. हवामान बदलामुळे आतला बर्फच कमी झाला, तर या फुलाला दुसरीकडे जायला जागा नाही.

बचावासाठी काय झालं?

१९७८ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली या फुलाला संरक्षण मिळालं. १९८९ मध्ये आयोवात ड्रिफ्टलेस एरिया अभयारण्य स्थापन झालं. हे फूल आणि याच उतारांवर राहणारी एक चिमुकली गोगलगाय वाचवणं हा त्यामागचा हेतू. ही गोगलगाय आधी फक्त जीवाश्मांवरून माहीत होती, नंतर ती चक्क जिवंत सापडली!

म्हणजे फुलाभोवती कुंपण घालून भागत नाही. वरचा खड्डा, आतला बर्फ आणि भोवतीची सावली हे सगळं टिकलं, तरच ते फूल टिकेल.