एका शब्दाची खतावणी

नरखेडच्या बाजारातील पेढीवर कागद कसा वाचावा हे कोणी वेगळे शिकवीत नाही. संत्र्याच्या अंबिया बहाराचा सौदा ठरला की चिठ्ठी लिहिली जाते, आणि ती हातात घेणारा अनुभवी माणूस आधी रक्कम पाहत नाही. सौदा बागेचा आहे की केवळ झाडावरच्या फळाचा, तोडणीची मजुरी कोणाकडे, गळालेल्या फळाचा धनी कोण, हे तो शब्दाशब्दावर बोट ठेवून पाहतो. पूर्वीच्या हुंडीत रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, आणि पुन्हा तिचे निमे सांगून त्याची दुप्पट असेही लिहीत. एका ठिकाणी खाडाखोड झाली तर उरलेली दोन ठिकाणे साक्ष देत. व्यापारी कुटुंबांत वाचनाची ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

चातुर्मासात संध्याकाळी घरी स्वाध्यायाला ग्रंथ उघडला म्हणजे मात्र तोच माणूस पाने मोजू लागतो. अमुक अध्याय झाला, पर्युषणापर्यंत तमुक संपवायचा. जे डोळे चिठ्ठीतला एक शब्द सोडत नाहीत, ते आगमाच्या ओळीवरून सरसर पुढे जातात. ग्रंथ पूज्य असतो, म्हणून त्याला प्रश्न विचारणे हा अविनय वाटतो. हा समज किती चुकीचा आहे, हे दाखविणारी हकिकत नरखेड तालुक्यापासून फार दूर घडलेली नाही. मोवाडपाशी वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. एकेकाळी हीच नदी वऱ्हाडची सीमा होती. त्या अमरावतीत १९३९ साली एका ग्रंथाचा पहिला भाग छापून निघाला आणि त्यातील एका तीन अक्षरी शब्दावरून देशभरच्या जैन पंडितांत वाद पेटला.

तो ग्रंथ म्हणजे षट्खंडागम, आणि त्यावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका. दिगंबर परंपरेत याहून अधिक मान असलेला सिद्धांतग्रंथ नाही. संपादक होते डॉ. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. (त्याच काळात मध्य प्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध करणारे रायबहादूर हिरालाल हे निराळे, आणि धवलेच्या संपादनात साहाय्य करणारे पंडित हिरालाल सिद्धांतशास्त्री हे आणखी तिसरे. तिघांची खाती एकमेकांत मिसळलेली अनेक लेखांत आढळतात. नाव एक म्हणून आसामी एक, असे धरून चालणारा मुनीम कोणत्याही पेढीवर टिकला नसता.)

संपादकांपुढे आलेला पाठ कुठून कसा आला, हे आधी पाहिले पाहिजे. धवलेची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, जुन्या कन्नड लिपीत, शतकानुशतके जपून ठेवलेली होती. लोक त्यांचे दर्शन घेत, पूजा करीत. वाचू शकणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके उरले होते. ही ताडपत्रे जीर्ण होऊन नष्ट होतील, ही चिंता ज्यांना लागली त्यांत दोन व्यापारी पुढे होते. एक सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि दुसरे मुंबईचे सेठ माणिकचंद. त्यांच्या खटपटीने १८९६ च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री नक्कल करू लागले. अट अशी होती की नक्कल मूडबिद्रीतच राहील, बाहेर जाणार नाही.

गजपती शास्त्रींनी मात्र पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने आणखी एक कन्नड नक्कल गुप्तपणे तयार केली. ती घेऊन ते हिराचंद सेठांकडे गेले, तेव्हा सेठांनी ती विकत घेण्यास नकार दिला. ज्या ग्रंथासाठी त्यांनी इतकी वर्षे खर्ची घातली, तो हाताशी आला असता केवळ तो सरळ मार्गाने आला नाही म्हणून त्यांनी परत केला. अखेर ती प्रत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनी घेतली. तिथे तिचे नागरी लिप्यंतर झाले. ते करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी स्वतःजवळ एक प्रत ठेवली आणि तिच्यावरून पुढे ठिकठिकाणी नकला गेल्या. अमरावती, आरा आणि कारंजा येथे पोहोचलेल्या प्रती या अशा. सेठांचा नकार योग्यच होता. आणि ती गुप्त नक्कल झाली नसती तर हा ग्रंथ १९३९ साली छापला गेला नसता, हेही खरे. दोन्ही गोष्टी एका शेजारी एक ठेवूनच हा इतिहास वाचावा लागतो.

संपादनाला मुख्यतः याच तीन प्रती हाती होत्या. सत्प्ररूपणा प्रकरणातील ९३ व्या सूत्रापाशी संपादक थांबले. मनुष्यिणी, म्हणजे मानवी स्त्री, कोणकोणत्या गुणस्थानांत नियमाने पर्याप्तच असते, हे ते सूत्र सांगते. तीनही प्रतींत तिसरे, चौथे आणि पाचवे अशी तीन गुणस्थाने नोंदलेली होती. पाचव्याचे नाव संयतासंयत, प्राकृतात 'संजदासंजद'. सूत्र तिथेच पुरे होत होते. व्याकरणात उणे काही नव्हते, अर्थ लागत होता, आणि तीन प्रतींचे एकमत होते. बहुतेक वाचक पुढे गेले असते.

संपादकांना अडविले ते वीरसेनांच्या टीकेने. सूत्राखालीच टीकाकार शंका मांडतात की या आर्षवचनावरून द्रव्यस्त्रीला निर्वाण मिळते असे सिद्ध होईल काय. तिचे निराकरण झाल्यावर दुसरी शंका येते, की मग मनुष्यिणीच्या ठिकाणी चौदा गुणस्थाने कशी सांगितली. आता असे पाहा की सूत्र पाचव्या गुणस्थानापाशी संपत असेल, तर निर्वाणाची शंका उत्पन्न होतेच कशी? पाचव्यावर थांबलेल्याला मोक्षाचा प्रश्न कोण विचारील? चौदाचा आकडा आला कुठून? टीकाकारासमोर जे सूत्र होते त्यात आणखी काहीतरी असलेच पाहिजे. ते काहीतरी म्हणजे 'संजद', संयत. सहाव्यापासून चौदाव्यापर्यंतची सारी गुणस्थाने एका शब्दात सामावून घेणारा शब्द.

संपादकांनी तो शब्द सूत्रात गुपचूप घुसडला नाही. प्रतींत आहे तसा पाठ ठेवून, इथे 'संजद' हा शब्द राहून गेलेला दिसतो, अशी सूचना त्यांनी तळटीपेत दिली. जे कागदावर आहे ते एका जागी आणि जे आपल्या तर्काने असावे असे वाटते ते दुसऱ्या जागी, दोन्ही वाचकासमोर उघडे. हिशेबात संशयाची रक्कम 'उचंत' खात्यात वेगळी दाखवावी आणि खुलासा होईपर्यंत तिथेच ठेवावी, तसाच हा व्यवहार.

शब्द गळाला कसा असेल, हे समजायला पांडित्य लागत नाही. 'संजदासंजद' याच्या लगोलग 'संजद' आला की तीच अक्षरे तीन वेळा ओळीने येतात. नक्कल करणाऱ्याची नजर कागदावर जाते, परत मूळ ओळीवर येते आणि एक घर पुढे पडते. रोजमेळावरून खतावणी करताना लागोपाठ सारख्याच रकमेच्या दोन नोंदी आल्या तर एक हटकून सुटते, हे ज्याने दिवाळीपूर्वी रात्र रात्र जागून तेरीज जुळविली आहे त्याला सांगायला नको. वीरसेनांच्या टीकेने इथे तेरजेचे काम केले. बेरीज चौदाची आणि नोंदी पाचापर्यंतच्या.

आणि तीन प्रतींचे एकमत? या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच असावा. अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती तीन असल्या तरी साक्षीदार तीन नव्हते. तिन्हींचा उगम सहारनपूरच्या एकाच लिप्यंतरात. तिथे किंवा त्याआधी शब्द सुटला असेल, तर तीनच काय, तीस प्रतींतही तो मिळणार नाही. एकाच पावतीच्या तीन नकला आणून तीन पावत्यांचा दावा कोणी केला, तर पेढीवर त्याला हसतील. मोबाइलवर फिरणारा एखादा ऐतिहासिक मजकूर 'चार ठिकाणांहून आला' म्हणून खरा मानणारेही हीच चूक करतात.

तळटीप छापून आली आणि विरोध उसळला. कारण उघड होते. शब्द असला तर मनुष्यिणी चौदाव्या गुणस्थानापर्यंत पोहोचते. मग स्त्रीला त्याच भवात मुक्ती आहे की नाही, या दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांमधील जुन्या मतभेदाला नवे टोक येते. परंपरेचे उत्तर असे की इथे मनुष्यिणी म्हणजे भाववेदाने स्त्री. शरीराने स्त्री असा अर्थ इथे अभिप्रेत नाही. वीरसेनांनी स्वतः हेच उत्तर दिले आहे. म्हणजे शब्द मान्य केला तरी सिद्धांताला धक्का लागत नव्हता. तरीही काही पंडितांना शब्दच नको होता. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी दोन्ही संप्रदायांच्या शासनांत काही मौलिक भेद आहे काय, असा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा तर वादाला आणखी धार चढली. पाठाचा वाद आणि अर्थाचा वाद ही दोन निरनिराळी खाती आहेत, हे त्या गदारोळात दोन्ही बाजूंकडून विसरले गेले, असे म्हणावे लागते.

निकाल लावला तो मूळ कागदाने. कालांतराने मूडबिद्रीच्या विश्वस्तांनी आणि भट्टारकांनी सहकार्याचा हात पुढे केला. तेथील पंडित लोकनाथ शास्त्री यांनी ताडपत्रांशी छापील पाठ ताडून पाहिला. 'ताडून पाहणे' हा वाक्प्रयोग इतक्या अक्षरशः क्वचितच लागू पडला असेल. ९३ व्या सूत्रात ताडपत्रावर 'संजद' होता. वाद तरीही पुरता शमला नाही. आगम ताम्रपटांवर कोरण्याचे काम निघाले तेव्हा हा शब्द घ्यावा की नाही, यावर पुन्हा चर्चा झडली.

धवलेचे सोळा भाग १९५८ पर्यंत पूर्ण झाले. या वादाचा अभ्यास पुढे सातासमुद्रापार गेला. मूडबिद्रीच्या परिसरात जन्मलेले पद्मनाभ जैनी बालपणी कारंज्याच्या आश्रमात शिकायला राहिले होते. अमेरिकेत प्राध्यापक झाल्यावर स्त्रीमुक्तीच्या वादावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९९१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रकाशित केला. विदर्भातल्या एका आश्रमशाळेतून निघालेली ही वाट आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

सर्वच नोंदी अशा जुळत नाहीत. धवला पूर्ण कधी झाली, हा प्रश्न याच ग्रंथाच्या प्रशस्तीत अडकला आहे. तेथील अक्षरे बिघडलेली आहेत. उल्लेखिलेले राजे आणि ग्रहांच्या स्थिती यांचा मेळ घालून डॉ. हिरालाल जैन यांनी शके ७३८, म्हणजे इसवी सन ८१६ हे वर्ष काढले. डॉ. ज्योतिप्रसाद जैन यांनी तीच अक्षरे विक्रम संवत ८३८ अशी लावून इसवी सन ७८० च्या बाजूने मत दिले. छापील पुस्तकांत बहुधा पहिलेच वर्ष आढळते आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह नसते. इथे मूडबिद्रीच्या ताडपत्रासारखा निर्णायक कागद अद्याप पुढे आलेला नाही.

नरखेड, सावरगाव, जलालखेडा या गावांतील ज्या घरांत षट्खंडागमाचा पहिला भाग असेल, त्यांना या चातुर्मासात एक प्रयोग करून पाहता येईल. ९२ आणि ९३ ही दोनच सूत्रे घ्यावीत. अनुवाद हाताने झाकावा, मूळ ओळ मोठ्याने वाचावी आणि गुणस्थाने मुलांकडून बोटांवर मोजवून घ्यावीत. मग टीका वाचून कोणती शंका कोणत्या शब्दामुळे उठली ते शोधावे, आणि सर्वांत शेवटी तळटीप पाहावी. घरातल्या सुनेने किंवा नातीने मनुष्यिणी शब्दाचा अर्थ विचारला, तर वीरसेनांचे उत्तर सांगावे आणि श्वेतांबर परंपरा काय म्हणते तेही सांगावे. एका संध्याकाळी एवढे पुष्कळ झाले. ९४ व्या सूत्रापासून देवगतीचा विचार सुरू होतो. तो दुसऱ्या दिवशी.