कॅमेऱ्यामागचा आवाज

आपल्याकडे खारकिव्ह हे नाव घरोघरी पोचलं ते 2022 साली, तिथे मेडिकलला गेलेली मुलं तळघरांत आणि मेट्रो स्थानकांत अडकली तेव्हा. युक्रेनमध्ये मात्र या शहराचं राजकारण त्याच्या कितीतरी आधी एका फुटलेल्या चित्रफितीने गाजवलं होतं. 2007 साली यूट्यूबवर आलेल्या त्या फितीत महापौरपदाचा तेव्हाचा उमेदवार मिखाइलो दोबकिन प्रचाराचा मजकूर वाचतोय. वाचतोय कसला, दर वाक्याला ठेचकाळतोय. मजकूरच मूर्खासारखा लिहिलाय, अशी त्याची कुरकुर. कॅमेऱ्यामागून एक आवाज त्याला झापतो, शिव्या हासडतो आणि असा कंटाळवाणा चेहरा केलास तर तुला कुणी पैसे देणार नाही, असंही सुनावतो. देश पोट धरून हसला. फीत प्रकाशात आली तोवर दोबकिन निवडून येऊन वर्ष उलटलं होतं आणि तो आवाज पालिकेच्या सचिवपदावर बसला होता. त्या आवाजाचं नाव हेन्नादी केर्नेस.

केर्नेसचा जन्म 1959 चा, खारकिव्हचाच. सोव्हिएत राजवट कोसळतानाच्या धांदलीत ज्यांनी पैसा केला त्यांच्यापैकी तो एक. त्या काळात फसवणुकीच्या खटल्यात त्याला शिक्षाही झाली होती. 1998 मध्ये तो नगरसेवक झाला. 2004 च्या नारिंगी क्रांतीत पश्चिमेकडे झुकलेल्या युश्चेन्कोच्या बाजूला, 2006 मध्ये त्याचा रशियाकडे झुकलेला प्रतिस्पर्धी यानुकोविच याच्या पक्षात, 2015 मध्ये तिसऱ्याच पक्षात, 2020 मध्ये स्वतःच्या नावाच्या आघाडीत. या उड्यांवरून त्याला संधिसाधू म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने काहीच उलगडत नाही. संधिसाधू पुष्कळ होते, टिकला हा. माझ्या मते याचं उत्तर सचिवपदात आहे. युक्रेनच्या 1997 च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार हा सचिव म्हणजे नोकरदार अधिकारी नव्हे. महापौराच्या प्रस्तावावरून नगरसेवक आपल्यातूनच त्याला निवडतात, सभागृहाचं कामकाज त्याच्या हातून जातं आणि महापौरपद मुदतीआधी रिकामं झालं तर कारभार आपसूक त्याच्याकडे येतो. मार्च 2010 मध्ये नवा राष्ट्राध्यक्ष यानुकोविचने दोबकिनला प्रांताचा प्रमुख केलं आणि केर्नेस एकाही नागरिकाचं मत न मागता शहराचा कार्यवाहक महापौर झाला.

त्याच वर्षीचा उद्यानाचा वाद मुळातून पाहण्यासारखा आहे. मे महिन्यात गॉर्की उद्यानाच्या रानातून रस्ता काढण्यासाठी पालिकेने झाडं तोडायला घेतली. लोक झाडांवर चढून बसले, खाली कुंपणापाशी हाणामारी झाली, आंदोलकांना मारहाण झाली, आणि झाडं पडलीच. पुढे ऑक्टोबरच्या निवडणुकीत केर्नेसने आर्सेन अवाकोवला हरवलं ते एका टक्क्याहूनही कमी फरकाने. अवाकोव हाही व्यापारातूनच आलेला, प्रांताचा माजी प्रमुख. मोजणीत घोळ झाल्याची त्याची तक्रार होती, आणि फरक एवढा नाममात्र असताना ती झटकून टाकता येत नाही. मग 2012 मध्ये, युरो फुटबॉल स्पर्धेच्या तोंडावर, तेच उद्यान नवा पाळणा, नव्या पायवाटा आणि फुलांचे ताटवे घेऊन उघडलं. झाडांसाठी रडलेलं शहर तिकिटाच्या रांगेत उभं राहिलं. यात मतदारांचा विसरभोळेपणा पाहणं मला सोपं वाटतं. कीव्हच्या सरकारांनी वर्षानुवर्षं भाषणं दिली होती, पालिकेने बाक दिले. लोकांनी त्यातलं जे हाताला लागलं ते घेतलं.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारं जमिनीच्या व्यवहारांवरचा पडदा होता. गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या नावे लिलावाविना फुकट भूखंड वाटल्याचे आरोप खारकिव्हमध्ये वर्षानुवर्षं होत राहिले, आणि ही तऱ्हा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये. आक्षेप वजनदार आहे, पण त्याने माझं म्हणणं पक्कंच होतं: जमिनीची किल्ली सभागृहात असते, म्हणूनच केर्नेसने संसदेपेक्षा सभागृह धरून ठेवलं. दुसरा आक्षेप रशियाधार्जिणेपणाचा. लेनिनचा पुतळा सप्टेंबर 2014 मध्ये पाडला गेला तेव्हा तो पुन्हा उभारू म्हणणारा हाच. 2019 मध्ये हमरस्त्याला सोव्हिएत मार्शल झुकोवचं नाव परत देणारी पालिकाही याचीच. पण एप्रिल 2014 मध्ये प्रांताच्या इमारतीत रशियावादी फुटीरांनी ‘जनता प्रजासत्ताक’ जाहीर केलं तेव्हा त्याने आपलं सभागृह त्यांच्या हवाली केलं नाही. त्याच महिन्याच्या 28 तारखेला त्याच्या पाठीत गोळी घुसली. इस्रायलमध्ये उपचार झाले, उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. त्याची निष्ठा मॉस्कोशी होती की कीव्हशी, हा प्रश्नच मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो.

उरला अवाकोव. यानुकोविचची सत्ता उलथवणाऱ्या 2014 च्या मैदान क्रांतीनंतर तो देशाचा गृहमंत्री झाला आणि आंदोलकांचं अपहरण व मारहाण केल्याचा खटला केर्नेसवर उभा राहिला. पोल्तावाच्या न्यायालयात सरकारी वकीलच सुनावण्यांना फिरकेनात, आणि 2018 मध्ये प्रकरण बंद झालं. यातला विनोद असा की ज्या सरकारला केर्नेस नकोसा होता त्याच्याच सुधारणांनी त्याचे हात बळकट केले: 2015 पासून वैयक्तिक प्राप्तिकराचा 60 टक्के वाटा अशा मोठ्या शहरांकडेच राहू लागला. त्या वर्षी तो पहिल्याच फेरीत दणदणीत निवडून आला. ऑक्टोबर 2020 मध्ये तर कोरोनाने आजारी, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात असताना, प्रचाराला एकदाही न दिसता जिंकला, आणि डिसेंबरात तिथेच वारला.

माणूस गेला की यंत्रणा कोसळेल, असं म्हणणाऱ्यांना पुढच्या वर्षाने उत्तर दिलं. त्याचा सहकारी इहोर तेरेखोव आधी सभागृहाचा सचिव झाला, मग कार्यवाहक, आणि 2021 च्या ऑक्टोबरात पन्नास टक्क्यांची रेषा जेमतेम ओलांडून पहिल्याच फेरीत महापौर. चारच महिन्यांनी रशियन तोफा शहरावर धडाडू लागल्या तेव्हा तो आणि त्याची पालिका शहर सोडून गेली नाही. फुटलेल्या जलवाहिन्या जोडणं आणि बंद पडलेली हीटिंग सुरू करणं त्यांच्याच माणसांच्या अंगावर आलं. याचं श्रेय केर्नेसच्या खात्यावर जमा करण्याइतका मी उदार नाही. पण मॉस्कोत ज्यांनी खारकिव्ह आपलंच म्हणून गृहीत धरलं होतं, त्यांनी या शहरातल्या पुतळ्यांची भांडणं मोजली आणि पालिकेचं अंदाजपत्रक वाचलं नाही.