वकिलाची पहिली भेट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण रस्त्यावर ज्याला वाहनाने उडवले, तो माणूस ती पायरी हौसेने चढत नाही. हात मोडतो, मजुरी बुडते, दवाखान्याचे कर्ज होते आणि हे कर्ज म्हणीने फिटत नाही. अशा माणसाला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मोटार वाहन कायदा, १९८८ ने दिलेला आहे. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागायची असते. तिथे जाण्याची वाट बहुधा वकिलाच्या टेबलावरून जाते. त्या पहिल्या भेटीला काय न्यावे, काय विचारावे आणि कशावर सही करू नये, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मला हे शिकावे लागले ते घरच्या प्रसंगाने. माझे वडील गवंडीकाम करतात. गेल्या वर्षी कामावरून सायकलने घरी येताना मागून आलेल्या टेंपोने त्यांना धडक दिली आणि डावा हात मनगटापाशी मोडला. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे कागद वाचायचे काम माझ्याकडे आले.

तिसऱ्याच दिवशी दवाखान्यात एक गृहस्थ खाटेजवळ येऊन बसले. "आत्ता एक पैसा देऊ नका. रक्कम आली की तिसरा हिस्सा आमचा," असे म्हणून त्यांनी कोरे वकीलपत्र पुढे केले. आई म्हणाली, "पोरीला वाचून बघू द्या." त्यावर ते म्हणाले, "पोरीला काय कळतंय कोर्टातलं?" दादांनी अंगठ्याजवळ आणलेला शाईचा पॅड बाजूला सारला. गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

पुढे कळले ते असे. अमेरिकेत जखमींचे दावे चालवणाऱ्या कंपन्या पुष्कळदा भरपाईतला हिस्सा हीच फी ठरवतात आणि पहिली भेट फुकट देतात. तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे नाही. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलाला मना आहे. दलाल पाठवून अशील गोळा करणेही मना आहे. २०१७ साली बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईवर टक्केवारीने मागितलेली फी बेकायदा ठरवली. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न फीचाच विचारावा : एकूण किती, हप्ते कसे, टायपिंग आणि झेरॉक्सचा खर्च वेगळा का, आणि पावती मिळेल का? असे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला वकील या प्रश्नांनी रागावत नाही.

भेटीला जाताना पिशवीत पुढील कागद असावेत : पोलिसांकडील फिर्यादीची आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल, दवाखान्याचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिले, वयाचा दाखला आणि कमाईचा मिळेल तो पुरावा. वाहनाचा नंबर, विमा कंपनीचे नाव आणि चालकाचे लायसन्स यांची माहिती पोलिसांच्या कागदांत सापडते. मूळ कागद वकिलाकडे ठेवायचे असतील तर यादी करून त्यावर त्यांची सही घ्यावी आणि झेरॉक्स घरी ठेवावी.

आम्ही दोन वकिलांना भेटलो. पहिल्यांनी कागद न उघडताच "पंधरा लाख कुठे गेले नाहीत," असे सांगितले. दुसऱ्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. वय किती? रोज कुठल्या कामाचा? महिन्यात किती दिवस काम लागते? आणि मग, "मिस्त्री, या हाताने आता काय होत नाही?" दादा म्हणाले, "वीट धरवत नाही, साहेब. थापी उजव्या हातात चालते, पण वीट डाव्यानंच द्यावी लागते."

हे प्रश्न का, हे त्यांनीच समजावून सांगितले. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ सगळी बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. वयाचे महत्त्व २००९ च्या सरला वर्मा निकालावरून कळते. वार्षिक नुकसानाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. ४१ ते ४५ वयाला तो आकडा १४ आहे, ४६ ते ५० ला १३. समजा, बेचाळीस वर्षांच्या माणसाची वर्षाची कमाई १,४४,००० रुपये आहे आणि निम्मी बुडाली, तर ७२,००० गुणिले १४, म्हणजे १०,०८,००० रुपये होतात. औषधोपचार आणि वेदना यांची भरपाई वेगळी धरतात. म्हणजे मुकादमाच्या हजेरीवहीचे एक पानसुद्धा मोलाचे असते. पाने न पाहता जो आकडा सांगतो, तो आपल्याला फक्त खूश करतो.

वकिलासमोर खरे ते सर्व सांगावे. सायकलला दिवा नव्हता, हे दादांनी आपणहून सांगितले. मला धडकी भरली होती. पण समोरची बाजू ते कधी ना कधी काढणारच, आपल्या वकिलाला आधी ठाऊक असले तर उत्तराची तयारी होते. अशिलाने कामासाठी वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये तशी तरतूद आहे. बेकायदा हेतूने केलेल्या बोलण्याला मात्र हे संरक्षण नाही.

मुदतीचेही विचारावे. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या अटीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी आपण सहा महिन्यांचाच हिशेब धरलेला बरा. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो. त्यामुळे परगावी अपघात झाला म्हणून हात टेकायचे कारण नाही. तडजोडीचा प्रस्ताव आला तर आपल्याला विचारल्याशिवाय स्वीकारणार नाही, हे वकिलाकडून आधीच कबूल करून घ्यावे. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसते.

फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

आमचा दावा अजून चालू आहे. दादा सध्या साइटवर राखणदारी करतात, पगार निम्म्याहून कमी आहे. काय मिळेल ते निकाल सांगेल. पण वकीलपत्र भरलेले होते, ते मी मोठ्याने वाचून दाखवले, आणि मगच दादांनी सही केली. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कागद वाचणारे आपणच आहोत. शेजारी कोणाला अपघात झाला आणि त्याने हाक मारली, तर तासभर मोडून त्याच्याबरोबर जावे. कायद्याची पदवी त्यासाठी लागत नाही. "सही करण्याआधी वाचू द्या," एवढे म्हणता आले तरी पुष्कळ आहे.