कूलरच्या दिवसांत स्टिरिओचा आवाज

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात एप्रिल-मे म्हणजे कूलरचे दिवस. घरच्या स्टिरिओचा आवाज गरजेपेक्षा वाढतो तोही याच दिवसांत. म्हणून आवाज ठरवायला बसाल तेव्हा आधी स्टिरिओ बंद ठेवा आणि खोलीत काय काय घरघरतंय ते ऐका.

मोठ्या वेगावरचा कूलर सहज 60 डेसिबलच्या आसपास जातो. आपलं साधं बोलणंही तेवढंच असतं. त्या घरघरीतून गाण्याचे शब्द स्वच्छ ऐकू यायचे तर गाणं 70-75 पर्यंत न्यावं लागतं. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. 10 वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, पण ध्वनीची ऊर्जा मात्र दहापट झालेली असते. त्यापेक्षा कूलर एका टप्प्याने मंद करा, नाहीतर खुर्ची स्पीकरकडे ओढा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की 6 डेसिबल वाढतात. खोलीत भिंतींमुळे थोडे कमी वाढतात, पण शेजाऱ्यांना त्रास न होता वाढतात. मला हा उपाय सगळ्यात आवडतो.

आता भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावा आणि बटण अगदी खालून हळूहळू वर न्या. टाळ कानाला टोचायच्या आत, गाणारा समोर बसलाय असं वाटलं की थांबा. शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. बटणावरच्या आकड्यावर जाऊ नका. रेकॉर्डिंग बदललं की त्याच आकड्यावर आवाज वेगळा येतो.

हळू आवाजात तबल्याचा डग्गा हरवल्यासारखा वाटेल. तो कानाचा स्वभाव आहे. आवाज लहान झाला की खालचे सूर आपल्याला बाकीच्या सुरांपेक्षा कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं. जुन्या ॲम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’चं बटण त्यासाठीच असतं. ते दाबा किंवा बास थोडा वाढवा. सगळाच आवाज वाढवायची गरज नाही.

तासभर ऐकलं की कान त्या आवाजाला सरावतात आणि हात परत बटणाकडे जातो. रात्री ठेवलेला आवाज बरोबर होता का, हे सकाळी कळतं. बटणाला हात न लावता तेच गाणं लावा. दचकलात तर रात्री जास्त झाला होता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक मानते, मुलांसाठी 75.

रात्री 10 नंतर शेजाऱ्यांचाही हिशेब येतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि खासगी स्टिरिओचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून 5 पेक्षा जास्त वर जाता कामा नये. खिडकीत कूलर बसवला की हवेसाठी समोरचं दार उघडं ठेवावंच लागतं, आणि गाणं त्याच दारातून बाहेर पडतं. तेव्हा स्पीकरची तोंडं दारापासून फिरवा आणि एकदा फाटकापाशी उभं राहून पाहा. तिथं गाण्याचे शब्द कळत असतील, तर आवाज अजून उतरवा.