गुप्तांगावरची चामखीळ ओळखताना
फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, बहुधा न दुखणारी ही वाढ ‘एचपीव्ही’ विषाणूमुळे होते. दहापैकी नऊ वेळा त्याचे 6 आणि 11 हे प्रकार कारण असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचे 16 आणि 18 वेगळे. तेव्हा चामखीळ दिसली म्हणून झोप उडवून घेऊ नका. डॉक्टर बहुतेकदा नुसतं पाहूनच निदान करतात, शंका आली तरच तुकडा तपासतात. सिफिलिसचे उंचवटेही असेच दिसू शकतात, म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

संसर्गानंतर चामखीळ उगवायला कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात. जोडीदारावर लगेच संशय घेणं म्हणूनच अन्यायाचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ लस या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. आधीच आलेली चामखीळ मात्र तिने जात नाही.